नाव नसलेलं ऑर्किड

आमच्या घरी सध्या दोन ऑर्किडं आहेत. दोन्ही विकत घेतलेली नाहीत, भेट म्हणून आलेली. आणि दोन्ही बिनचिठ्ठीची. म्हणजे देणाऱ्याचं नाव ठाऊक, पण झाडाचं नाव ठाऊक नाही, अशा अवस्थेत दोघांचा गृहप्रवेश झाला.

एक असतं हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, पांढऱ्या चिनीमातीच्या कुंडीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये फोंड्याला आमच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तेव्हा मावसभावाने ते आणलं. चकचकीत कागद, जांभळी रिबन, आणि वाकलेल्या दांड्यावर ओळीने बसलेली पाच मोठी पांढरी फुलं. किमतीचा स्टिकर मावसभावाने सज्जनपणे खरवडून काढला होता. त्याच्याबरोबर नावाची पट्टीही गेली की मुळात ती नव्हतीच, कोण जाणे.

दुसरं गॅलरीच्या ग्रिलला सुंभाने टांगलेलं आहे. आंब्याच्या फांदीचा हातभर तुकडा आणि त्याला घट्ट बिलगलेली, जाड पानांची एक झुडुपवजा वस्तू. हे युरियाच्या पिशवीतून आलं, कदंबच्या बसमधून, आमच्या कार्यालयातल्या शिपाईमामांच्या मांडीवर बसून.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा दोन्हीकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारतो, "याचं नाव काय हो?" गेली काही वर्षं या एका प्रश्नाने मला बराच नाचवला. त्या नाचातून माझं एक मत बनलं आहे, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. आधीच सांगतो, मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. मी बी. ए. मराठीवाला. पोटापाण्यासाठी सरकारी कारकुनी करतो. झाडांशी माझा संबंध गॅलरीतल्या कुंड्यांपुरता. पण फायली लावता लावता नावनोंदणीचं मोल थोडंफार कळू लागतं, तेवढ्याच अधिकाराने हे लिहितोय.

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ गोव्यात कोणी विसरलं नसेल. एकीकडे कोविडची दुसरी लाट, कर्फ्यू, आणि त्यात हे वादळ. ठिकठिकाणी झाडं पडली, तारा तुटल्या, कित्येक गावं अंधारात गेली. मामांचं घर सत्तरीत, वाळपईच्या पलीकडे. त्यांच्या अंगणातला जुना आंबा त्या वादळात आडवा झाला. घरावर पडला नाही हे नशीब. आंबा कापून बाजूला करताना फांद्यांवरची ही झाडं मामांनी काढून गोठ्याच्या वाशाला टांगून ठेवली, आणि जून संपता संपता त्यातलं एक माझ्यासाठी आणलं. माझ्या टेबलावरच्या मनीप्लांटची चेष्टा करणारे हेच मामा.

"तुमकां झाडां आवडटात न्हय? हें घेयात."

मी विचारलं, "नांव कितें हाचें?"

मामा हसले. "आमची आवय कितें तरी म्हणटाली. फुलतलें तेन्ना कळटलें."

आई काहीतरी म्हणायची, फुलेल तेव्हा कळेल. मी मान डोलावली आणि पिशवी टेबलाखाली सरकवली. आईचं ते 'कितें तरी' काय होतं, हे त्या दिवशी खोदून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, गावातल्या म्हातारीने दिलेल्या नावाचं काय घेऊन बसायचं, खरं नाव आपण शोधून काढूच की! हा माझा पहिला गाढवपणा.

घरी आणल्यावर पहिलं नाव सासऱ्यांनी दिलं. "बांडगूळ आणलंस काय घरात?" आपल्याकडे झाडावर वाढलेलं काहीही दिसलं की ते बांडगूळ. पण हे बरोबर नव्हे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळं घुसवतं आणि त्याचा रस पितं. ऑर्किड झाडावर नुसतं राहतं. त्याची मुळं सालीला धरून असतात, बरीचशी हवेत लोंबत असतात. त्यांच्यावर एक पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. पावसाचं, दवाचं पाणी ते टिपून घेतं. ओलं झालं की पांढरं मूळ हिरवट दिसू लागतं, हे तर कोणालाही घरी पाहता येईल. सालीच्या भेगांत साठलेला पाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, एवढ्यावर त्याचं भागतं. म्हणजे ऑर्किड हा फार तर भाडं न देणारा भाडेकरू, चोर नव्हे. मराठीत ऑर्किडला आमरी असा शब्द आहे. पुस्तकात आहे, तोंडात नाही. तोंडात बांडगूळच.

दुसरं नाव एका नर्सरीवाल्याने दिलं. त्याने पान दोन बोटांत धरलं, उलटसुलट केलं आणि ठामपणे सांगितलं, "व्हँडा." बरोबर खताची बाटलीही खपवली. इतक्या ठामपणे सांगणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसतोच. मी आइस्क्रीमच्या काडीवर परमनंट मार्करने 'व्हँडा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि काडी सुंभात खोचली. विषय मिटला. फाईल बंद.

मध्यंतरी मुलीने मोबाईलवरच्या एका ॲपला पानाचा फोटो दाखवला. त्याने एकदा व्हँडा सांगितलं, दुसऱ्यांदा एरिडीस आणि तिसऱ्यांदा अननसाच्या कुळातलं काहीतरी. ॲपचा दोष नाही. फूल नसताना नुसत्या पानावरून या मंडळींत भेद करणं जाणकारांनाही अवघड जातं. व्हँडा, एरिडीस, ऱ्हिन्कोस्टायलिस ही सगळी भावकीच. एकच दांडा वर वर वाढत जाणारा, दोन्ही बाजूंना पट्ट्यासारखी चिवट पानं, पानांची टोकं कोणीतरी कुरतडल्यासारखी दुभंगलेली, आणि दोरखंडासारखी जाड मुळं. चेहरा झाकलेल्या चुलत भावंडांना नुसत्या हातपायांवरून ओळखायला सांगितलं तर जी गत होईल, तीच इथे.

पण काडीवर 'व्हँडा' लिहिलेलं होतं ना! नर्सरीत शिकवल्याप्रमाणे मी त्याला बाराही महिने रोज पाणी, पंधरा दिवसांनी खत असा रतीब लावला. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा. २०२२ सालचा मे आला, जून आला, फूल नाही. उलट फांदीला धरलेली काही मुळं काळी पडून कुजली. आपल्या रानात पावसाळा संपल्यावर पुढचे सहा-सात महिने या झाडाला दवाशिवाय जवळजवळ काही मिळत नाही. तो त्याचा विश्रांतीचा काळ. मी तो त्याला मिळूच दिला नाही.

इथे मला आमच्या रेकॉर्ड रूमची आठवण होते. हरवलेली फाईल शोधायला माणसं लावता येतात. ती हरवली आहे हे सर्वांना ठाऊक असतं. पण चुकीचं नाव घालून चुकीच्या कपाटात नीट लावून ठेवलेली फाईल कोणी शोधतच नाही. ती 'आहे' असंच सगळे धरून चालतात. बिननावाच्या झाडापेक्षा चुकीच्या नावाच्या झाडाचे हाल जास्त. माझ्या त्या काडीने दीड वर्ष हेच केलं.

२०२३ च्या मे महिन्यात पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक बाहेर आलं. मला वाटलं, नवीन मूळ. पण मुळाचं टोक चकचकीत आणि गुळगुळीत असतं, यावर बारीक बारीक मण्यांसारखे उंचवटे होते. बघता बघता ते खाली झुकलं आणि लोंबू लागलं. त्या वर्षी पाऊस जरा उशिरानेच आला. पहिल्या चार सरी पडून गेल्या आणि एका सकाळी पाहतो तर वरच्या बाजूची फुलं उमललेली! पुढच्या तीन-चार दिवसांत ते सगळं घोसाचं शेपूट फुललं. जवळजवळ वीतभर लांब, दाट, गोल. पांढरी फुलं, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, मधला ओठ गडद. गॅलरीत आलेली शेजारीण पाहून म्हणाली, "अगो बाई, गजराच की हा!"

आता चेहरा दिसला होता. पोस्टाची तिकिटं पाहायचं माझं जुनं भिंग काढलं आणि एक फूल नीट पाहिलं. ऑर्किडचं फूल ओळखायची रीत तशी सोपी आहे. बाहेर तीन दलं, आत तीन. आतल्या तिनांपैकी एक वेगळं असतं, त्याला ओठ म्हणतात. कीटकाने कुठे उतरायचं ते दाखवणारा हा पाट. जातीजातींतला फरक बहुतेक वेळा या ओठातच असतो. एरिडीसच्या ओठामागची मधाची नळी शिंगासारखी पुढे वळलेली असते. माझ्या फुलात ती तशी नव्हती. तिथे दोन्ही बाजूंनी दाबलेली एक पिशवी होती, मागच्या बाजूला टोक केलेली. घोसाची दाटी, ठिपके, आणि ही पिशवी. पुस्तकातलं चित्र समोर धरलं आणि नाव सापडलं, ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा. कोल्ह्याच्या शेपटीवरून इंग्रजीत ज्याला फॉक्सटेल म्हणतात तेच. व्हँडाची काडी मी त्याच दिवशी मोडून टाकली.

नाव सापडल्यावर त्या नावाच्या मागे गेलो, आणि तिथे जे भेटलं त्याने मला माझ्या पहिल्या गाढवपणाची पुरती लाज वाटली.

लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत पक्की केली, तेव्हा त्याने हे ऑर्किड 'एपिडेंड्रम' या गटात टाकलं. एपिडेंड्रम म्हणजे 'झाडावरचं'. झाडावर वाढणारी बहुतेक ऑर्किडं त्याने याच एका खणात कोंबली होती. म्हणजे बघा, सासऱ्यांचं 'बांडगूळ' आणि लिनियसचं 'झाडावरचं' यांत फार अंतर नाही! पुढे जावामध्ये काम करणाऱ्या ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली तो खण आवरायला घेतला आणि ऱ्हिन्कोस्टायलिस ही प्रजाती वेगळी केली. गंमत म्हणजे आमच्या हॉलमधल्या चिनीमातीच्या कुंडीतलं जे झाड आहे, त्या फॅलेनॉप्सिस प्रजातीलाही नाव दिलं ते ब्लूमनेच, त्याच १८२५ सालच्या ग्रंथात. आमच्या घरातले दोन पाहुणे असे एकाच कागदावरून उतरलेले.

पण लिनियसला तरी हे झाड कुठून कळलं? तो काही आपल्याकडे आला नव्हता. त्याच्यासमोर पुस्तक होतं, 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने करवून घेतलेला, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ. ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात तो छापला गेला. त्याच्या बाराव्या खंडात हे ऑर्किड 'अंजिली मरवरा' या मल्याळी नावाने आलं आहे. अंजिली म्हणजे फणसाच्या कुळातला मोठा वृक्ष, आपल्याकडचा पाटफणस. आणि मरवाझ म्हणजे झाडावरची केळ. कोणीतरी साहेबाला सांगितलं, अंजिलीच्या झाडावर येणारं ते हे. साहेबाने लिहून घेतलं.

कोणी सांगितलं? इट्टी अच्युदन नावाचा मल्याळी वैद्य, आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचे पूर्वज गोवा सोडून कोचीनला गेलेले. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेलं कोकणी भाषेतलं प्रशस्तिपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांना जे झाड कळलं, ते त्या मातीतल्या माणसांना कोणीतरी नीट विचारलं म्हणून. आणि मी काय केलं? माझ्यासमोर उभ्या असलेल्या मामांना विचारलं नाही आणि नर्सरीत गेलो.

आता हॉलमधल्या पांढऱ्या पाहुण्याबद्दल. त्याचं नाव शोधायचा प्रयत्न मी केला. मावसभावाला विचारलं, त्याने दुकान सांगितलं. दुकानदार म्हणाला, गाडी येते, माल उतरतो, पांढरा आणि गुलाबी एवढीच नावं. फॅलेनॉप्सिस हे कुळाचं नाव ठीक. पण पुढचं? खूप वाचल्यावर कळलं की पुढचं नाव आता कधीच सापडणार नाही.

कारण हे झाड संकरातून आलेलं आहे. इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या नर्सरीत जॉन डॉमिनी या माळ्याने केलेला पहिला ऑर्किड-संकर १८५६ साली फुलला. तेव्हापासून संकरावर संकर होत गेले. त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून सँडर या ऑर्किडच्या व्यापाऱ्याने १९०६ मध्ये संकरांची यादी छापली. १९६१ पासून ते नोंदणीचं काम इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी बघते आहे. आज त्या नोंदवहीत लाखाच्या वर संकर आहेत. आणि तिथला नियम असा की संकराचं नाव त्याच्या आईबापांवरून ठरतं, रूपावरून नाही. एकाच जोडप्याची सगळी पोरं एकाच नावाची, मग एक पांढरं का फुलेना आणि दुसरं गुलाबी. उलट हुबेहूब सारखी दिसणारी दोन पांढरी फुलं अगदी वेगवेगळ्या घराण्यांतली असू शकतात. त्यामुळे पट्टी हरवली की नाव हरवलं. कोणी फोटो पाहून 'हे अमुकच' असं छातीठोकपणे सांगितलं तर तो आपला नर्सरीवाला समजावा.

हा फरक मला कारकून म्हणून फार पटला. पांढऱ्या ऑर्किडचं नाव म्हणजे जन्मदाखला. तो कागदावर असतो. कागद गेला तर तोंडाकडे बघून आईबाप सांगता येत नाहीत. रानातल्या ऑर्किडचं नाव मात्र त्याच्या अंगावर असतं. चिठ्ठी नसली तरी ते फुलेल तेव्हा सांगतं. 'फुलतलें तेन्ना कळटलें' हे मामांचं वाक्य मला टाळाटाळ वाटली होती. ती तर ऑर्किड ओळखायची शास्त्रशुद्ध पद्धत होती!

काहीजण म्हणतील, फूल सुंदर आहे, डोळे निवतात, मग नाव हवंच कशाला? या म्हणण्यात मला आळस दिसतो. नाव चुकलं तर मुळं कुजतात, हे मी भोगलं आहे. फॅलेनॉप्सिसला सावली हवी, थेट उन्हात पानं करपतात. सीतेच्या वेणीला भरपूर उजेड, वारा आणि हिवाळ्यात कोरडी विश्रांती हवी. (नाव मी आधीच फोडलं. असो, ते कुठून आलं ते सांगतोच.) दोघांना एका मापाने पाणी घातलं तर एक नक्की मरणार.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते गेल्याचं कोणाला कळतही नाही. गोव्यात झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा १९८४ पासून आहे. परवानगीचे मी पाहिलेले अर्ज झाडाची जात विचारतात, संख्या विचारतात. त्या झाडावर कोण राहतं, याला रकाना नाही. रस्त्याकडेचा शंभर वर्षांचा आंबा गेला की कागदावर एक आंबा जातो. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर दहा-वीस ऑर्किडांची वस्ती जाते. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं, त्यात शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. म्हणून एक फळ हजारो बिया उधळतं तेव्हा कुठे एखादं रोप उभं राहतं, आणि त्याला फूल यायला कित्येक वर्षं लागतात. त्या वस्तीला आपण 'बांडगूळ गेलं' म्हणून मोकळे होतो.

यावरून कोणी असं समजू नये की आता पिशव्या घेऊन रानात जावं आणि ऑर्किडं वाचवावीत. अजिबात नाही. अभयारण्यातून झाड उचलणं गुन्हा आहे. ऑर्किडांचं सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या करारात आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उभ्या झाडावरून ओरबाडलेलं ऑर्किड शहरातल्या गॅलरीत बहुधा दोन वर्षांत मरतं. माझं वाचलं ते नशिबाने. पडलेल्या, कापलेल्या झाडावरचं उचलावं आणि शक्यतो तिथल्याच दुसऱ्या झाडाला बांधावं. मामांनी बाकीची झाडं तशीच बांधली होती, हे मला नंतर कळलं.

ते कळलं ते असं. मामा २०२२ च्या अखेरीस निवृत्त झाले. फूल आलं तेव्हा मी फोन केला, पण फोनवर फुलाचं वर्णन काय करणार? शेवटी एका रविवारी झाडासकट सत्तरी गाठली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून मामा बल्कांवावर बसले होते. त्यांच्याआधी मामीच बाहेर आल्या आणि पिशवीतून डोकावणारा घोस पाहून म्हणाल्या, "ही सीतेची वेणी न्हय!"

मामांनी कपाळावर हात मारला. "हां! आवय तेंच म्हणटाली. सीतेची वेणी."

मग दोघांनी मिळून सांगायला सुरुवात केली. अंगणातल्या आंब्यावर ही वेणी मामांच्या जन्माच्याही आधीपासून होती. आई पोरांना तिला हात लावू देत नसे. ती लोंबायला लागली की कणगीतलं बियाण्याचं भात बाहेर काढून बघायचं, पेरणी आली असं समजायचं. मामींच्या माहेरी ती एका फणसावर होती, तिथेही नाव हेच. मी म्हटलं, आमच्या कार्यालयात एक शिर्सीकडचे गृहस्थ आहेत, ते हिला सीताळे दंडे म्हणतात. आसामात हिचं नाव कोपौ फूल. तिथल्या मुली बिहूच्या नाचात ती केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचं फूल आहे. मामी हसून म्हणाल्या, म्हणजे सगळीकडे बायकांच्या केसांतच!

मला वाटतं, लॅटिन नाव आणि आईचं नाव ही एकमेकांची स्पर्धक नव्हेत. लॅटिन नावाने आसामातलं आणि सत्तरीतलं झाड एकच आहे हे कळतं. त्याशिवाय मी कोपौ फुलापर्यंत पोचलोच नसतो. शिवाय लोकांची नावं कधी कधी दोन झाडांना एकच असतात, तिथे भिंग लागतंच. पण ते कधी फुलतं, कुठल्या झाडावर राहतं, त्याच्या फुलण्याने घरात काय व्हायचं, हे लॅटिन नावात नाही. ते मामांच्या आईच्या नावाबरोबर येतं. ती माउली आता नाही. मामी दारात आल्या नसत्या, तर ते नाव आमच्या दोघांच्या समोर असून हरवलंच असतं. असे किती 'कितें तरी' आपण रोज हरवत असू, याचा विचार केला की बरं वाटत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. झाड भेट द्याल तेव्हा चिठ्ठी द्या. दुकानातलं असेल तर पट्टी काढू नका, किंमत खोडा हवी तर. गावाकडचं असेल तर कुठलं गाव, कुठल्या झाडावर होतं, कधी मिळालं, घरात त्याला काय म्हणायचे, एवढं एका कागदावर लिहा. आणि भेट घ्याल तेव्हा विचारा, तिथल्या तिथे, पिशवी टेबलाखाली सरकवायच्या आधी. नाव नाहीच कळलं तर 'नाव माहीत नाही' असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. आमच्या पांढऱ्या ऑर्किडच्या कुंडीवर आता तीच पट्टी आहे, 'फॅलेनॉप्सिस, संकर, पुढील नाव अज्ञात, वास्तुशांत फेब्रुवारी २०२१'. मावसभाव वाचून जरा ओशाळला, पण झाड दर वर्षी न चुकता फुलतं.

त्या रविवारी मी झाड परत द्यायला गेलो होतो, हे सांगायचं राहिलं. ते त्यांच्या अंगणातलं, त्यांच्या आईचं, मला त्याच्यावर हक्क वाटेना. मामांनी मान हलवली. "दिल्लें तें दिल्लें." मी ते परत घेऊन आलो. पण २०२४ च्या पावसात त्याच्या बुडातून एक नवा फुटवा निघाला. त्याला स्वतःची मुळं नीट धरली की तो सत्तरीला जाणार, मामांच्या अंगणातल्या फणसावर. चिठ्ठी तयार करून ठेवली आहे. या वेळी आइस्क्रीमच्या काडीवर नाही, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून: 'सीतेची वेणी. ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा. अंगणातला आंबा, पडला मे २०२१. नाव सांगितलं मामांच्या आईने.'